घराण्याचा उदय लिहिताय, मग दाणा-वैरणीचंही लिहा

राजघराण्याचा उदय सांगणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्या मराठी माणूस पिढ्यानपिढ्या वाचत आलाय, आणि आता तर एका पुस्तकात भागत नाही म्हणून खंडच्या खंड निघतात, मूळ पुरुषापासून सुरुवात करून पार तख्तापर्यंत. मला या प्रकाराबद्दल मनापासून आस्था आहे. इतिहासाची गोडी आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेच्या पुस्तकाने लावलेली नाही, कादंबरीनेच लावलीये. पण म्हणूनच एक तक्रार आहे आणि ती स्पष्टच मांडतो. या सिरीजमध्ये घराणं वर येताना दिसतच नाही, ते पहिल्या पानापासून वरच असतं. सुरुवातीलाच शकुन होतात, कुणीतरी साधू येऊन सांगून जातो की हे पोर छत्र धरणार, आणि मग पुढची हजार पानं आपण फक्त ते भविष्य खरं व्हायची वाट बघायची. मधलं जे खरं घडणं असतं, पैसा कुठून आला, घोडे कुणाचे होते, पावसाळ्यात त्यांच्या पुढ्यात काय टाकलं, शेजारच्या देशमुखाने आपलं सगळं पणाला लावून यांचीच बाजू का घेतली, ते दोन ओळीत उरकलेलं असतं आणि परत लढाई सुरू.

एकच पुस्तक लिहिणाऱ्याला जागा नसते हे मी समजू शकतो, पण चार-पाच खंड लिहिणाऱ्याला ही सबब नाही. "उदय" सांगतो म्हणून जो लेखक वाचकाची इतकी वर्षं आणि इतके पैसे मागतो त्याने उदय कसा झाला ते दाखवलंच पाहिजे, नाहीतर तो उदय नाही सांगत, नुसती आरती म्हणतोय.

मल्हारराव होळकरांचंच घ्या. लहान मल्हार झाडाखाली झोपलाय, तोंडावर ऊन आलंय आणि एक नाग फणा काढून सावली धरतोय, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गोष्ट म्हणून छानच आहे, पण हीच गोष्ट थोड्याफार फरकाने इतर कितीतरी राजांबद्दलही सांगतात, म्हणजे तिच्यातून मल्हाररावांबद्दल काहीच कळत नाही. कळतं कशातून, तर त्या बाईतून जिचा नवरा गेला, जिने भाऊबंदांच्या त्रासात होळ गाव सोडलं आणि पोराला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे गेली. भाऊ भोजराज, त्याच्याकडे कदमबांडे या सरदारांच्या चाकरीतली स्वारांची छोटी तुकडी, आणि त्या तुकडीत हा भाचा घोड्यावर बसायला शिकला. मामाची पोरगी गौतमाबाई हीच पुढे त्याची बायको. म्हणजे होळकर घराण्याचा पाया कुठे पडला, तर एका विधवेने माहेरी परत जायचा जो निर्णय घेतला तिथे. त्या निर्णयावर एक अख्खं प्रकरण होऊ शकतं, रात्रीची निघायची तयारी, बरोबर काय घ्यायचं काय टाकायचं, भाऊ ठेवून घेईल का नाही याची धाकधूक, भावजय काय म्हणेल. नागाला मात्र सगळीकडे भरपूर जागा मिळते.

राणोजी शिंद्यांचंही तेच. बाजीरावाचे जोडे छातीशी धरून बसलेला खिदमतगार आणि त्याच्या निष्ठेवर खूश झालेला पेशवा, ही गोष्ट इंग्रजांच्या काळापासून छापली जातेय. पण कण्हेरखेडचे शिंदे हे पाटलाचं घराणं, आणि त्यांची एक मुलगी शाहू महाराजांना दिलेली होती. म्हणजे पत आधीची होती, ओळखी होत्या, सोयरीक होती. जोड्यांची गोष्ट डोळ्यात पाणी आणते पण घराण्याला बळ कुठून मिळालं हे झाकून टाकते. आणि हे झाकणं मला निरुपद्रवी वाटत नाही, त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी दाणा-वैरणीचं. शिवाजी महाराजांचं राज्याभिषेकाच्या सुमाराचं एक पत्र आहे, चिपळूणजवळ दलवटण्याला पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या फौजेच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं.  त्यातला रयतेला छळू नका हा एक भाग सगळे सांगतात, पण पूर्ण पत्र वाचलं की माणूस थक्क होतो. महाराज लिहितायत की दाणा आणि वैरण मोठ्या कष्टाने गोळा केलीये, ती अंदाज न घेता आत्ताच उधळलीत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेला जाऊन छळाल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, आणि जे कुणबी कसेबसे टिकून आहेत तेही उठून जातील, आणि म्हणतील की मोगलापेक्षा तुम्हीच वाईट. त्याच्याही पुढे, गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढायला विस्तव घेऊन फिरू नका, वारा कुठून वाहतोय बघा, आणि रात्री घरात दिवा राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सगळ्याला आग लागेल.

उंदीर वात ओढून नेईल हे ज्याच्या डोक्यात येतं, तो राजा. मला कुठल्याही काल्पनिक डायलॉगपेक्षा हे पत्र जास्त भव्य वाटतं. राज्य एका गंजीवर उभं आहे, ती गंजी जळाली तर घोडी जातात, घोडी गेली की फौज गेली, फौज वाचवायला रयत लुटली तर रयत जाते, आणि रयत गेली की राज्य कशाचं. ही सगळी साखळी ज्याला स्पष्ट दिसत होती त्याचं मोठेपण दाखवायला कादंबरीकाराला आकाशवाणी कशाला लागते?

आणि हे एकटं पत्र नाही. १६७६ चं प्रभानवल्लीच्या सुभेदाराला, रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र घ्या, भाजीच्या देठाचा तो प्रसिद्ध उल्लेख ज्यात आहे ते. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, कुणाकडे माणूसबळ किती, बैल किती, दाणे किती ते बघ. ज्याच्याकडे राबायला माणसं आहेत पण बैल नाहीत त्याला बैलासाठी पैसे दे, खायला खंडी-दोन खंडी धान्य दे, जेवढी जमीन त्याच्याने होईल तेवढी करू दे, आणि पैसे परत घेताना व्याज लावू नको, मुद्दलच हळूहळू त्याची ताकद येईल तसं घे. १६७१ चं कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाबद्दलचं पत्र आहे, की पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊन आपल्या संगमेश्वरकडच्या मिठाचा धंदा बसतोय, तर त्या बाहेरच्या मिठावर जकात जबर वाढव. हे वाचताना मला एक माणूस दिसतो, रात्री उशिरापर्यंत कारकुनाला मजकूर सांगत बसलेला, मिठाचे भाव आणि बैलांचा हिशोब डोक्यात असलेला. मग आपल्या सिरीजमध्ये हा माणूस का नाही? तिथे महाराज एकतर घोड्यावर असतात नाहीतर भवानीपुढे नाहीतर मावळ्यांपुढे भाषण करत असतात. रामाजी अनंत हे नाव किती वाचकांना माहीत आहे? त्यांनी खरंच गावोगाव फिरून बैल मोजले असतील तेव्हा काय झालं असेल, कुणी खोटं सांगितलं असेल, कुणाचा जुना पाटील आडवा आला असेल, कुणाला पहिल्यांदाच सरकारने काही मागायच्या ऐवजी दिलंय यावर विश्वासच बसला नसेल. कादंबरीकाराच्या कल्पनेला इतकी मोकळी आणि इतकी चांगली जागा दुसरी कुठे मिळणार.

लोक म्हणतात वाचकाला हे बोअर होतं. मला हे अजिबात पटत नाही. लिहिणाऱ्याला ते बोअर वाटतं म्हणून तो बोअर लिहितो. मावळातल्या कारीचे देशमुख कान्होजी जेधे, त्यांचा प्रसंग बघा. १६५९, अफजलखान येतोय, आदिलशहाचं फर्मान बारा मावळातल्या देशमुखांना गेलंय की खानाला सामील व्हा नाहीतर खैर नाही. खंडोजी खोपडे गेला. इतरही काही चुळबुळ करतायत. कान्होजी फर्मान घेऊन आणि आपले पाच मुलगे घेऊन सरळ महाराजांकडे गेले. महाराज म्हणाले, तुमच्या शेजारचे गेले, तुम्हीही जा, नाहीतर वतन जाईल. आणि कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं. जेधे करीन्यात, म्हणजे जेध्यांच्या घराण्याच्या जुन्या हकिकतीत, हे आलंय.

आता वतनावर पाणी सोडणं म्हणजे काय हे आजच्या वाचकाला कोण सांगणार? वतन म्हणजे नुसती जमीन नाही. गावात कुठे बसायचं, सणाला पहिला मान कुणाचा, पोरीला कुठलं स्थळ येणार, मेल्यावर नाव कोण घेणार, हे सगळं वतन होतं, आणि ते आजोबा-पणजोबांनी भाऊबंदांशी रक्त सांडून टिकवलेलं. ते एका खेपेत सोडायचं, आणि तेही ज्याच्यासाठी सोडायचं तो तिशीच्या उंबरठ्यावरचा तरुण, ज्याची फौज विजापूरच्या फौजेपुढे किरकोळ, जो पुढच्या महिन्यात जिवंत असेल की नाही कुणाला ठाऊक नाही. आपल्याला प्रतापगडाचा शेवट माहीत आहे, कान्होजींना माहीत नव्हता. त्या मुक्कामात त्या पाच पोरांच्या मनात काय चाललं असेल? एकालाही वाटलं नसेल का की बाबा चुकतायत? कारीला मागे राहिलेल्या बायकांना बातमी कळली तेव्हा घरात काय झालं असेल? शेवट माहीत असल्यासारखा लिहिलेला प्रसंग पोकळ होतो, मग त्यात कितीही जरीपटका फडकवा. कान्होजींचा निर्णय मोठा का, तर तो आंधळ्या अंधारात घेतलेला आहे म्हणून. लेखकाने आधीच सगळं ठरलेलंच होतं असं सूचित केलं की कान्होजींचं मोठेपण त्याने हिरावून घेतलं. आणि खंडोजी खोपड्यालाही नुसता खलनायक करून टाकू नका, त्यालाही बायकामुलं होती, वतन होतं, भीती होती. पुढे त्याचा एक हात आणि एक पाय तोडला गेला. तो त्या दिवशी वेगळा का वागला, हे समजलं तरच कान्होजी समजतात.

शहाजीराजांच्या बाबतीत तर हे फारच होतं. निजामशाही, आदिलशाही, परत निजामशाही, मग मोगल, परत निजामशाही आणि १६३६ नंतर आदिलशाही, असा त्यांचा प्रवास आहे. १६२९ मध्ये सासरे लखुजी जाधवराव आणि त्यांची मुलं निजामशहाच्या दरबारात दगा करून मारली गेली. पुढच्याच वर्षी भयंकर दुष्काळ, पुणं विजापूरकरांनी उद्ध्वस्त केलेलं. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर निजामशाहीच्या एका लहान मुलाला गादीवर बसवून या माणसाने तीनेक वर्षं मोगलांशी, आणि शेवटी मोगल आणि आदिलशाही दोघांशी, झुंज देत राज्य चालवलं, आणि मग माहुली किल्ल्यावर हार मान्य करावी लागली. केवढं नाट्य आहे यात! पण बऱ्याच सिरीजमध्ये ते पहिल्यापासून मनात गुप्त प्लॅन ठेवून फिरणारे दाखवतात, प्रत्येक वेळी बाजू बदलली ती पुढच्या पिढीसाठी. कशाला? त्या काळात प्रत्येक सरदार असंच जगत होता, फौज पोसायची तर धनी लागतो आणि धनी कधी मारेल सांगता येत नाही. सासऱ्याचा खून झाल्याची बातमी हातात असताना, घरात जिजाबाई पोटुशी असताना, पुढचा धनी कोण हे ठरवणारा माणूस मला गुप्त प्लॅनवाल्यापेक्षा शंभर पटीने जवळचा वाटतो.

आता पैशाचं. घोडदळात बारगीर आणि शिलेदार हे दोन प्रकार, बारगिराला घोडा सरकारातून, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येणार. हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण शिलेदाराने घोडा आणला कुठून? कर्ज काढून. घोडा लढाईत मेला तर? कर्ज तसंच. पेशवाईत तर हा मामला प्रचंड वाढला. १७१९ ला बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, पण सनद म्हणजे वसुलीचा हक्क, हातात पडलेले पैसे नाहीत. सरदाराला मुलूख नेमून द्यायचा, फौज त्याने उभी करायची, तिच्यासाठी कर्ज त्याने काढायचं, वसूल झाला तर सावकार शांत. खुद्द बाजीरावांनी आपल्या गुरूंना, ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलंय की सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी गेली. उत्तरेत धुमाकूळ घालणारा, निजामाला पालखेडला कोंडीत पकडणारा पेशवा, आणि घरी सावकारांचा तगादा. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. दुसरी गाळली की पहिलीही कळत नाही, कारण पुढच्या मोहिमेला इतक्या लवकर का निघायचं याचं अर्धं उत्तर त्या तगाद्यात आहे.

पानिपतचा तो सावकाराचा निरोप आपण सगळेच सांगतो, दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, खुर्द्याची गणती नाही. शाळेपासून ऐकलंय आणि ऐकताना घशाशी येतं. पण बघा, ही बातमी सावकाराच्या चिठ्ठीतून आली. म्हणजे सावकारांची माणसं, त्यांचे जासूद, त्यांच्या हुंड्या उत्तरेपासून पुण्यापर्यंत इतक्या पक्क्या पसरलेल्या होत्या की त्यांची चिठ्ठी पेशव्यापर्यंत पोचत होती. एवढं मोठं जाळं आपल्या डोळ्यासमोर आहे आणि घराण्याच्या उदयाच्या गोष्टीत सावकार हा प्रकार फक्त कपाळाला गंध लावलेला लोभी म्हातारा म्हणून एका सीनपुरता येतो.

बायकांचं तर विचारूच नका. राणी म्हणजे औक्षण, निरोप, दुःख, नाहीतर मग कारस्थान. गौतमाबाई होळकरांच्या नावाने १७३४ मध्ये पेशव्यांनी खासगी जहागीर वेगळी करून दिली. खासगी म्हणजे दौलतीच्या खर्चापासून स्वतंत्र उत्पन्न, घराण्यातल्या बाईच्या ताब्यात. हीच खासगी पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि काशी विश्वनाथापासून देशभर जी मंदिरं, घाट, विहिरी, धर्मशाळा त्यांनी बांधल्या त्यामागे हा खासगीचा पैसा होता. आपण अहिल्याबाईंची पुण्याई सांगतो, साधेपणा सांगतो, तो खराच आहे, पण एवढी कामं करायला लागणारा पैसा त्यांच्या हातात का होता, त्यावर दौलतीचा हक्क का चालत नव्हता, ही व्यवस्था सासूच्या काळात कशी झाली, गौतमाबाई किती हुशार असतील, हे कोण सांगणार? १७६५ मध्ये मल्हाररावांनी अहिल्याबाईंना तोफखाना आणि दारूगोळ्याच्या व्यवस्थेबद्दल लिहिलेलं पत्र आहे. सासरा सुनेला तोफांचं काम सांगतोय. आणि कादंबरीतल्या अहिल्याबाई बहुतेक वेळा पिंडीपुढे बसलेल्याच दिसतात.

"अहो पण कादंबरी आहे, इतिहास थोडीच आहे" हे उत्तर मला नेहमी मिळतं. लेखकाला कल्पनेचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, त्याबद्दल वादच नाही. पण आपल्याकडे कादंबरीतला प्रसंग कादंबरीत राहत नाही. तो भाषणात जातो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये जातो, सिरियलमध्ये जातो, रीलमध्ये जातो आणि दहा वर्षांत "इतिहास साक्षी आहे" होऊन परत येतो. संभाजी महाराजांच्या बाबतीत काय झालं ते विसरू नये. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली, आणि ज्यांच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, संभाजी महाराजांनी देहदंड दिला त्या घराण्यातल्या माणसाने लिहिलेली. तिच्यातलं व्यसनी, रागीट चित्र नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी उचललं, त्यात आपल्या पदरच्या नायिका घातल्या, आणि पिढ्याच्या पिढ्या तेच खरं मानून मोठ्या झाल्या. १९६० मध्ये वा. सी. बेंद्र्यांनी लिहिलेलं संभाजी महाराजांचं चरित्र आलं तेव्हा कुठे ते चित्र पुसायला सुरुवात झाली, आणि त्यासाठी त्या माणसाला आयुष्यातली कितीतरी वर्षं कागद धुंडाळत घालवावी लागली. ललित लेखनाने एका राजावर केलेला अन्याय होता तो. आता उलट्या दिशेनेही तेच चालू आहे, निर्दोष, निष्कलंक, कधीच न चुकणारे पूर्वज. चूक तीच, फक्त रंग बदललाय.

यात लेखकांचीच सगळी चूक आहे असं मात्र मी म्हणणार नाही, वाचक म्हणून आपलाही हात आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिकडे कर्नाटकाच्या मोहिमेत भेटले, वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून. अर्धा वाटा मागितला, व्यंकोजी एका रात्री निघूनच गेले, पुढे लढाई झाली, आणि शेवटी तोडगा निघाला त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंच्या शहाणपणाचा मोठा वाटा होता. महाराजांनी दीपाबाईंना मुलूखही दिला. दोन भाऊ, वडिलांच्या मिळकतीचं भांडण, आणि तुटेपर्यंत न ताणू देणारी एक बाई. प्रत्येक मराठी घराला हे कळेल. तरी या भेटीवर मनापासून, दोन्ही बाजूंना जीव लावून लिहायला लेखक बिचकतो, कारण कुणाच्या भावना कधी दुखावतील आणि कोण दारात येऊन उभं राहील सांगता येत नाही. जानेवारी २००४ मध्ये शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या वादातून पुण्यात भांडारकर संस्थेची जी मोडतोड झाली ती लिहिणाऱ्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. पूर्वजांना माणूस म्हणून लिहिलं की अपमान झाला असं आपण मानत राहिलो तर आपल्याला आरत्याच मिळणार. आणि मग तक्रार करायचा हक्क आपल्यालाही नाही.

वर म्हटलं होतं की हे झाकणं निरुपद्रवी नाही, ते का ते सांगतो. शकुन, रक्त आणि नागाचा फणा यातून घराणं वर येतं असं ज्या वाचकाच्या मनात लहानपणापासून बसतं, त्याला पुढे एखाद्या घरातच आमदारकी, साखर कारखाना, बँक आणि शिक्षणसंस्था फिरत राहिली तरी त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही. त्यांच्या रक्तातच आहे म्हणतो आणि पुढे जातो. पण ज्याने रामाजी अनंतांचे बैल बघितले, कान्होजींचं वतन बघितलं, बाजीरावांचं कर्ज आणि गौतमाबाईंची खासगी बघितली, त्याला कळतं की सत्ता ही शेकडो लोकांनी आपापलं काहीतरी घालून उभी केलेली असते. आणि मग तो विचारतो, की ज्यांनी घातलं त्यांना काय मिळालं? चौथ्या खंडात राज्याभिषेक होतो तेव्हा त्या गर्दीत पहिल्या खंडातले किती जण आहेत, त्यांच्या विधवा कुठे आहेत, ज्या कुणब्याच्या बैलावर राज्य तरलं त्याच्या दारात काही बदललं का? हे प्रश्न जिवंत ठेवणारी सिरीज मला हवी आहे. तिच्यात तलवार असू दे, गड असू दे, हर हर महादेव तर असूच दे, ते सगळं मलाही प्रिय आहे.

आणि साधनं नाहीत असं कुणी म्हणू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, गावोगाव फिरून, वाळवी लागलेल्या पेट्यांतून कागद सोडवून. १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पेशवे दफ्तरातले निवडक कागद इतिहासकार सरदेसायांनी पंचेचाळीस भागांत छापले, आणि न छापलेले मोडीतले रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, अजून पुण्यात पडून आहेत. महाराजांची पत्रं छापील आहेत, वर सांगितलेली सगळी कुणालाही वाचता येतील अशी आहेत. मोडी वाचायला शिकवणारे वर्ग चालतात, तिथे तरुण पोरं-पोरी जातात, प्रकाशकाने त्यांच्यातलं एखादं जण लेखकाच्या जोडीला पगारावर दिलं तरी सिरीजचा कस बदलेल. आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी चार पानं द्यावीत, कुठला प्रसंग कागदावर आधारलेला आहे, कुठली व्यक्ती काल्पनिक, कुठे दोन साधनांत फरक होता आणि लेखकाने कुठलं का निवडलं. अशी पानं काही लेखक देतातही, आणि ती वाचून गोष्टीची मजा कमी झाली असं मला एकदाही वाटलेलं नाही, उलट त्या माणसावरचा विश्वास वाढतो आणि पुढचा खंड घ्यावासा वाटतो. ज्या सिरीजमध्ये ती नसतील तिच्या प्रकाशकाला वाचकांनी सरळ लिहून विचारावं की ही पानं का नाहीत, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहावं.